वाङ्मयेतिहासाचा पेपर घेतलाय? मग एक वही करा

बीएला मराठी स्पेशल घेतलं की मराठी वाङ्मयाचा इतिहास हा पेपर कधी ना कधी वाट्याला येतोच. मुकुंदराज-ज्ञानेश्वरांपासून सुरू होतो तो थेट दलित साहित्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं आणि हातात मोजून काही सेमिस्टर. सीनियर सांगतात गाईड घे, ठरावीक प्रश्न पाठ कर, सुटशील. सुटतो माणूस, खोटं कशाला बोला, पण पुढे एमए, नेट नाहीतर यूपीएससीला मराठी ऑप्शनल घ्यायचं डोक्यात असेल तर हेच सगळं परत पहिल्यापासून उकरायला लागतं.

माझं सांगणं एवढंच, की एक वही करा आणि प्रत्येक ग्रंथापुढे दोन सालं लिहा, एक तो लिहिला गेल्याचं आणि दुसरं तो लोकांच्या हातात पडल्याचं. (जुन्या ग्रंथांना शके असतं, त्यात 78 मिळवायचे, ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे 1290.) गाईडमध्ये हे असं कुठे नसतं, तिथे सगळे ग्रंथ शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे असतात.

आता लीळाचरित्र घ्या. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी, त्यांचं हे चरित्र. म्हाइंभटांनी ते साधारण 1278 ला सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण मूळ प्रत परकीय धाडीत गेली, मग शिष्यांनी आठवून आठवून परत लिहिलं, म्हणून त्याचे इतके पाठभेद. त्यात पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि ती लिपी बाहेरच्यांना उलगडली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इतिहासाचार्य राजवाड्यांमुळे. म्हणजे 1874 ला चिपळूणकरांनी निबंधमाला हे मासिक काढलं तेव्हा तेराव्या शतकात मराठीत इतकं बोलतं गद्य होतं हे पंथाबाहेर जवळपास कुणाच्या गावीही नव्हतं. ‘लीळाचरित्राचा मराठी गद्यावर प्रभाव’ असा प्रश्न आला की पोरं चार पानं ठोकून देतात, पण प्रभाव पडायला आधी कुणी वाचायला नको का?

फुल्यांचं तृतीय रत्न पण तसंच. नाटक लिहिलं 1855 ला, पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं आणि छापून आलं थेट 1979 ला. विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर 1843 चं, तिथून नाट्यपरंपरेची सुरुवात सांगतात, मग फुले कुठे बसवायचे? आणि बहिणाबाई चौधरी? जात्यावर, शेतात काम करताना गाणी रचली, स्वतःला लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी उतरवून घेतली. त्या गेल्या 1951 ला, पुस्तक आलं 1952 ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. नवकवी मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह 1947 चा, म्हणजे वाचकाने आधी मर्ढेकर वाचले आणि मग बहिणाबाई! दुसऱ्या सालाचा रकाना भरला की असे प्रश्न आपोआप पडायला लागतात आणि उत्तरपत्रिकेत लिहायला स्वतःचं काहीतरी हाताशी येतं.

कारण एरवी काय होतं, ‘स्वरूप आणि वैशिष्ट्ये’ विचारलं की ज्ञानेश्वरीची भाषा ओघवती, बखरीची भाषा ओघवती, लावणीची पण ओघवतीच. तपासणाऱ्याने शंभर पेपरांत तेच वाचलेलं असतं. त्यापेक्षा मूळ पुस्तकाची दोन-तीन पानं वाचा आणि त्यातली एक ओळ उत्तरात टाका. सगळं कळलं पाहिजे असं काही नाही, ज्ञानेश्वरी सार्थ, म्हणजे अर्थासकट छापलेली घ्या, बिनधास्त.

पंडित कवी मात्र मनात वाचूच नका, झोप येते. मोठ्याने म्हणा, मग वामनपंडितांना यमक्या वामन का म्हणायचे ते कानाला कळतं. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’ हे पाठ करून टाका, कुणाचा कुठला छंद हा एक मार्काचा प्रश्न कायमचा मिटतो. शाहीर यूट्यूबवर ऐका. बखरींवर फार वेळ घालवू नका, सभासद आणि भाऊसाहेबांची बखर एवढ्यावर बीएला भागतं.

संदर्भाला मध्ययुगीन भागासाठी शेणोलीकरांचं पुस्तक, आधुनिकला ‘प्रदक्षिणा’ हा ग्रंथ, दोन्ही बहुतेक लायब्ररीत असतात, फक्त परीक्षेच्या आधी मिळत नाहीत, तेव्हा जून-जुलैमध्येच उचला. नोंदी बघायला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर पण बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये पडलीयेत. इंटर्नलला विषय निवडायची मुभा मिळाली तर तुकोबांच्या गाथेचा छापील प्रवास घ्या, 1869 ला सरकारी मदतीने निघालेल्या इंदुप्रकाश प्रतीपासून सुरू करा, मटेरियल भरपूर मिळतं आणि वर्गात दुसरं कुणी तो विषय घेत नाही.