बाजूला नवीन टॉवर येतायत? हायवेच्या ट्रॅफिकसाठी सोसायटीने ओसीच्या आधी काय काय करायचं

आमच्या शेजारच्या प्लॉटला पत्रे लागले तेव्हा सोसायटीत सगळे एवढंच बोलत होते की आता हवा जाणार, व्ह्यू जाणार. ट्रॅफिकचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही. पुढे पहिल्या टॉवरला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी) मिळाली, त्यांचं गेट बरोबर आमचं गेट आणि यू-टर्न यांच्या मधे उघडलं आणि एका सकाळी आमच्या विंगमधल्या काकांना न्यायला आलेली अँब्युलन्स सर्व्हिस रोडवर वीस मिनिटं अडकून पडली. काका वाचले, पण त्यांच्या सुनेचा तेव्हाचा चेहरा मी अजून विसरलो नाहीये. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत असे किती प्लॉट आहेत ते बघा, म्हणून जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. जे काय मागायचंय ते ओसीच्या आधी मागा. ओसी हातात पडली की बिल्डर पुढच्या साईटवर गेलेला असतो आणि मग गेट सरकवणं, आत जागा सोडणं असल्या गोष्टी नवीन राहायला आलेल्या लोकांच्या सोसायटीच्या गळ्यात पडतात. म्हणजे पत्रे लागले की त्याच आठवड्यात सुरुवात करायची.

आधी कागद काढा

पहिलं महारेराच्या साईटवर जा. प्रोजेक्टचं नाव टाकलं की किती फ्लॅट, किती मजले, मंजूर प्लॅन, सीसी (बांधकाम सुरू करायचा परवाना), पूर्ण करायची तारीख सगळं फुकटात दिसतं. फक्त एक काळजी घ्या, मोठ्या प्रोजेक्टमधे प्रत्येक टॉवरचं किंवा फेजचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, त्यामुळे एकच नंबर बघून "अरे फक्त ३०० फ्लॅट आहेत" म्हणून निवांत बसू नका, त्या प्लॉटवरचे सगळे नंबर शोधून बेरीज करा.

मग पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला ती घ्यावीच लागते. पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मिळतं. बिल्डिंग प्रोजेक्टला जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे तुम्हाला कोणी बोलवायला येणार नाही, स्वतःच शोधायचं. मंजुरी मिळाल्यावर बिल्डरने दोन स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची अशीही अट असते, त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला. मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर हरित लवादाकडे ३० दिवसांत जावं लागतं, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणून त्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

पत्र लांबलचक असतं, पण तुम्ही फक्त ट्रॅफिक आणि पार्किंगच्या अटी शोधा. आता बऱ्याच पत्रांत असतं की प्रोजेक्टच्या ५ किलोमीटर परिसरातल्या रस्त्यांची आत्ताची सेवा पातळी (म्हणजे गाड्या किती सुरळीत चालतात ते) टिकली पाहिजे, सुधारली पाहिजे, आणि तो ट्रॅफिक प्लॅन आजूबाजूच्या सगळ्या होऊ घातलेल्या प्रोजेक्टचा एकत्रित भार धरून बनवायचा. दुसरी अट सहसा अशी की गेटजवळच्या रस्त्यावर कोंडी होता कामा नये, पार्किंग पूर्ण प्लॉटच्या आत, सार्वजनिक जागा वापरायची नाही. या दोन वाक्यांची प्रिंट काढून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. मीटिंगमधे "साहेब आम्हाला त्रास होतो" म्हणण्यापेक्षा "ही तुमच्या मंजुरीची अट आहे" म्हटलं की समोरचा माणूस पेन उचलतो, हे मी स्वतः बघितलंय.

मग स्वतः मोजा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं. नवीन टॉवरमधून किती गाड्या निघतील याचा बिल्डरच्या सल्लागाराने दिलेला आकडा तुम्हाला खोटा पाडायचा नाहीये, तुम्हाला तुमचा आकडा हवाय. आणि तो तुमच्याच गेटवर मिळतो, कारण रस्ता तोच, ऑफिसं त्याच बाजूला, माणसंही साधारण तशीच.

मंगळवार, बुधवार, गुरुवार यातले दोन दिवस पकडा. शाळेची सुट्टी नको, धो धो पाऊस नको, सण नको. सकाळी साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. गेटवर दोघं बसा, एक बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजणार, एक आत येणाऱ्या. कागदावर कार, दुचाकी, रिक्षा, स्कूल बस, टेम्पो असे रकाने आणि दर पंधरा मिनिटांनी नवीन ओळ. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आमच्याकडे कॉलेजची मुलं आणि रिटायर्ड मंडळी मिळून बसली होती, आज्या चहा आणून देत होत्या, खूप छान झालं ते काम.

आता हिशोब. समजा तुमची सोसायटी ६०० फ्लॅटची आहे आणि सकाळच्या सगळ्यात गर्दीच्या तासात २१० कार, १९० दुचाकी आणि ४० रिक्षा बाहेर पडल्या. बाजूला १,८०० फ्लॅट येतायत, म्हणजे तिप्पट. ६३० कार, ५७० दुचाकी, १२० रिक्षा. या सगळ्या गाड्या एका मापात आणायला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे ती गाडी किती कारइतकी धरायची) वापरतात, इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शक नियमांत (आयआरसी १०६) ते दिलेत. कार १, दुचाकीचं प्रमाण जास्त असेल तर ०.७५, रिक्षा १.२ ते २, ट्रक-बस २.२ ते ३.७. रिक्षाला कमीत कमी धरलं तरी बेरीज १,२०० पीसीयूच्या आसपास जाते. त्याच आयआरसीत दुभाजक असलेल्या सहा पदरी मुख्य रस्त्यासाठी दोन्ही बाजू मिळून तासाला ५,४०० पीसीयू धरलेत, म्हणजे एका बाजूला २,७००. सकाळी आपल्याकडचे बहुतेक सगळे माजिवड्याच्या दिशेनेच निघतात. म्हणजे ज्या रस्त्यावर आधीच जेएनपीटी बंदराहून गुजरातला जाणारे ट्रेलर आहेत त्याच्या एका बाजूची चाळीस टक्क्यांहून जास्त क्षमता एकच प्रोजेक्ट खाऊ शकतो. हा कागद टेबलावर ठेवला की चर्चा वेगळ्याच लेव्हलवर जाते.

प्रामाणिकपणे हेही लिहा की सगळे फ्लॅट पहिल्या दिवशी भरत नाहीत. निम्मे भरल्यावर किती, पूर्ण भरल्यावर किती असे दोन आकडे द्या. मेट्रो ४ चं विजय गार्डन, कासारवडवली किंवा ४ अ चं गायमुख स्टेशन चालत जाण्याच्या अंतरात असेल तर त्याने किती गाड्या कमी होतील असं बिल्डरचा रिपोर्ट म्हणतो तेही वाचा, आणि स्टेशनपर्यंत धड फूटपाथ आहे का ते स्वतः चालून बघा. फूटपाथ नसेल तर माणूस रिक्षाच करणार.

बांधकाम चालू असतानाचा त्रास वेगळा

तो तीन-चार वर्षं चालतो, त्यामुळे त्याला दुय्यम समजू नका. बेसमेंटचं खोदकाम धरा, ४,००० चौरस मीटर जागा आणि ९ मीटर खोल म्हणजे ३६,००० घनमीटर, खणल्यावर माती फुगते म्हणून ४५,००० धरा, एका डंपरला १५ घनमीटर, म्हणजे ३,००० डंपर भरून बाहेर जाणार आणि तेवढेच रिकामे आत येणार. स्लॅबच्या दिवशी ३०० घनमीटर काँक्रीट असेल तर ६ घनमीटरवाले ५० मिक्सर. ते सगळे एका वेळी आत मावत नाहीत, मग सर्व्हिस रोडवर रांग लावून उभे राहतात आणि आपल्या मुलांची बस मेन रोडवरच थांबते.

मागायच्या गोष्टी: मिक्सर प्लॉटच्या आतच थांबणार, आत जागा नसेल तर प्लांटवरून फोन करून एकेक सोडणार. अवजड वाहनांच्या वेळांची ट्रॅफिक शाखेची जी अधिसूचना असेल ती साईटवर लावणार. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डंपरचे टायर धुणार, कारण जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचा तो चिखल साबणासारखा होतो आणि दुचाकीवाले आडवे होतात. गेटवर शिट्टी घेतलेला एक माणूस नको, शिकवलेले वॉर्डन हवेत, सकाळ-संध्याकाळ दोन्ही शिफ्टला. आणि रस्त्यावर काही खणणार असतील तर आयआरसी एसपी ५५ (रस्त्यावर काम चालू असतानाच्या ट्रॅफिकचे मार्गदर्शक नियम) प्रमाणे बॅरिकेड, बोर्ड, रात्रीचे दिवे. हे सगळं बिल्डरच्या लेटरहेडवर घ्या, साईट इंजिनीअरच्या तोंडी शब्दावर नको, तो सहा महिन्यांत बदलतो.

गेट, गेट, गेट

माझं स्पष्ट मत आहे की निम्मी कोंडी गेटमुळे होते. फ्लॅट किती हे आपल्या हातात नसतं, पण गेट कुठे आणि कसं हे बदलता येतं.

आमच्या बाजूला काय झालं बघा. बूम बॅरियर रस्त्याच्या अगदी कडेला. वॉचमन पाहुण्याचं नाव विचारणार, ॲपवर नोटिफिकेशन पाठवणार, वरून कोणी ओके करेपर्यंत गाडी उभी. एक कार मधल्या अंतरासकट साधारण ६ मीटर. पाच गाड्या थांबल्या की ३० मीटर शेपूट, आणि त्यांचं गेट ते सर्व्हिस रोड अंतर जेमतेम ८ मीटर. म्हणजे दुसऱ्या गाडीपासूनच रस्ता बंद. उपाय साधा आहे, बॅरियर ३०-४० मीटर आत घ्यायचा, राहणाऱ्यांना आणि पाहुण्यांना वेगळी लेन, आणि डिलिव्हरीवाले, रिक्षा, स्कूल बस यांना थांबायला प्लॉटच्या आत खाच. प्लॅनवर असताना हे बदलायला एक रेघ मारावी लागते, बांधून झाल्यावर पोडियम फोडावा लागतो.

दुसरं, राँग साईड. गेटमधून बाहेर पडल्यावर यू-टर्न दीड किलोमीटर लांब असेल तर लोक उलटे येणारच, कितीही दंड लावा. तुमच्या भागात गर्दीच्या वेळी तासाला किती दुचाकी उलट्या येतात ते मोजा, मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पण नंबरप्लेटचे फोटो ग्रुपवर टाकू नका, आपल्याला माणसं नाही जागा सुधारायची आहे. मग ट्रॅफिक शाखेकडे जवळच्या यू-टर्नची पाहणी मागा. दुभाजकात नवीन कट मात्र स्वतःहून मागू नका, हायवेवर प्रत्येक कट म्हणजे मागे एक ब्रेक आणि एक अपघाताची जागा.

कोणाच्या दारात जायचं

घोडबंदरला इमारतीची परवानगी ठाणे महापालिकेचा शहर विकास विभाग देतो, ट्रॅफिक ठाणे शहर पोलिसांची वाहतूक शाखा बघते, मेट्रोचं काम एमएमआरडीएचं. मेन रोड आणि सर्व्हिस रोड तुमच्या पट्ट्यात नक्की कोणाकडे आहे हे लेखी विचारा, सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायच्या कामानंतर तर ते विचारणं फारच गरजेचं झालंय. नाशिक हायवेसारख्या राष्ट्रीय महामार्गाला गेट जोडायचं असेल तर २००२ च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते, ती कॉपी मागा. नवी मुंबईत जागेप्रमाणे महापालिका, सिडको किंवा पनवेल महापालिका, आणि नैनामधे (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा अधिसूचित भाग) सिडको.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार. १० रुपये फी, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. साधारण असा लिहा:

"अमुक सर्व्हे नंबरवरील प्रकल्पाबाबत पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: १. मंजूर लेआउट, त्यातील आत-बाहेरच्या गेटची जागा. २. सादर केलेला ट्रॅफिक अभ्यास. ३. वाहतूक शाखेचा अभिप्राय. ४. ओसीसाठी घातलेल्या रस्ता व पार्किंगविषयक अटी. तसेच ही फाईल प्रत्यक्ष पाहण्यासाठी तारीख द्यावी."

चुकीच्या ऑफिसात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथे आळस करू नका.

एकटी सोसायटी गेली तर ऐकतात आणि विसरतात. आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांचे सेक्रेटरी, जवळच्या शाळेचे बस इन्चार्ज, रिक्षा स्टँडचे प्रमुख यांना घेऊन जा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे विषय नोंदवा. सोबत एकच पान, त्यावर तुमची मोजणी आणि पाच मागण्या, प्रत्येकीपुढे कोणी करायचं ते. आणि नवीन टॉवरमधे ज्यांनी बुकिंग केलंय त्यांचेही ग्रुप असतात, त्यांना शोधा. ते आपले शत्रू नाहीत, आयुष्यभराचं कर्ज काढून ते त्याच रांगेत उभे राहणार आहेत, आणि ग्राहक म्हणून बिल्डर त्यांचं आपल्यापेक्षा लवकर ऐकतो.

ईसीच्या अटी पाळल्याचा अहवाल बिल्डरने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, १ जून आणि १ डिसेंबर. त्या तारखा कॅलेंडरवर लिहा, अहवाल काढा आणि रस्त्यावर जाऊन ताडून बघा.

आमच्याकडे दुसऱ्या फेजचा बॅरियर ३५ मीटर आत गेलाय, स्कूल बसची खाचही प्लॅनवर आली. यू-टर्नची पाहणी झाली, निर्णय बाकी आहे. येत्या गुरुवारी सकाळी साडेसातला परत मोजणीला बसतोय, यावेळी त्या टॉवरमधली दोन मुलं पण येणार आहेत.