आधी अल्गॉल, मग दुर्बीण

‘दुर्बीण कोणती घेऊ?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. बी.एस्सी. करता करता आकाश निरीक्षणाकडे वळू पाहणाऱ्यांना आमचं सांगणं असं, की पहिला हिवाळा दुर्बीण घेऊ नका. ययाती (पर्सियस) तारकासमूहातल्या अल्गॉल या ताऱ्याचं तेज नुसत्या डोळ्यांनी मोजा. शनीची कडी पाहून मन भरतं, ते भरावंही, पण वहीत आकडा उरत नाही.

अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. तेज २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतं आणि परत चढतं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). सगळं मिळून सुमारे दहा तास. हा काळ तीन दिवसांपेक्षा ३ तास ११ मिनिटांनी कमी आहे. म्हणून एक किमान, म्हणजे तारा सर्वांत मंद असण्याची वेळ, पहाटे ४ वाजता असेल, तर पुढचं तिसऱ्या रात्री १२.४९ ला आणि त्यापुढचं आणखी तिसऱ्या रात्री ९.३८ ला येतं. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास ययाती माथ्यावरच असतो, तेव्हा अशा दोन-तीन रात्रींची साखळी गाठता येते.

मोजणी तुलनेची असते. डोळे वीस-तीस मिनिटं अंधाराला सरावू द्या, मोबाइल खिशातच ठेवा. देवयानीतला आल्माक साधारण २.१ प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन २.९ चा, कॅपा ३.८ चा. अल्गॉल आल्माकपेक्षा मंद आणि एप्सिलॉनपेक्षा तेजस्वी दिसत असेल, तर त्या दोघांमधलं अंतर मनात चार भागांत तोडा. आल्माकपासून एक भाग खाली वाटला तर २.१ अधिक ०.२, म्हणजे २.३. दर वीस मिनिटांनी एक नोंद पुरे. नवा आकडा लिहिताना मागचा आकडा झाकून ठेवा. तो दिसला की मन वक्र रेषा आधीच काढून मोकळं होतं.

इथे हमखास पाय घसरतो तो ययातीतल्याच ऱ्हो पर्सेई या ताऱ्यावर. अल्गॉलच्या अगदी शेजारी, तेजही सोयीचं, म्हणून नवखे तुलनेला तोच धरतात. पण ऱ्हो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा तारा आहे, ३.३ ते ४.० च्या दरम्यान हलतो. त्याच्यावर बेतलेली अख्खी रात्र वाया जाते.

दुसरी चूक उंचीची. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो. त्यात मळणीची धूळ आणि उसाचं पाचट जाळल्याचा धूर मिसळला की खालचा तारा आणखी मंद भासतो. तुलनेचे तारे शक्यतो अल्गॉलच्याच उंचीवरचे निवडा, आणि ययाती पश्चिमेला उतरू लागला की थांबा.

वेळ जागतिक वेळेत लिहा: आपल्या घड्याळातून ५ तास ३० मिनिटं वजा. १२ डिसेंबरच्या पहाटेचे २.१० म्हणजे ११ डिसेंबर, २०.४०. तारीख बदलायची राहून जाते आणि बिंदू आलेखावर एक दिवस पुढे जाऊन बसतो. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रात वापरतात ती दिवसांची सलग मोजणी, मात्र आपल्याला फार सोयीचा, कारण तो जागतिक वेळेच्या दुपारी, म्हणजे आपल्या सायंकाळी साडेपाचला बदलतो. आपली सबंध रात्र एकाच दिनांकात मावते.

एवढं हाताला बसलं की दुर्बीण. सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) सुरुवातीला उत्तम. २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) ४८ पट वर्धन देतो, १० चा १२० पट. खोक्यावरच्या ‘६०० पट’ला भुलू नका, या आरशाला ३०० ही कमाल, तीही हवा स्थिर असलेल्या रात्रीच. आणि आपल्याकडे हवा बहुधा पायाखालीच बिघडते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो, गुरूचे पट्टे पाण्यात बघितल्यासारखे हलतात. माळवदावर कुणी चाललं तरी प्रतिमा थरथरते. त्यापेक्षा शेतातल्या आखाड्याजवळची गवताळ जागा बरी. काळ्या मातीत स्टँड रुततो, म्हणून खाली फरशीचे तुकडे ठेवा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्या.

मोटारसायकलवरून वावरात नेलेल्या दुर्बिणीचं कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते दर वेळी तपासा. आधी छोट्या आरशाचे तीन स्क्रू, मग मुख्य आरशाचे. लॉक-स्क्रू सैल करून एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. शेवटी तारा किंचित धूसर करून कडी समकेंद्री आहेत का ते बघायचं. उत्तरेकडच्या देशांतली मार्गदर्शकं यासाठी ध्रुव घ्यायला सांगतात, कारण तो हलत नाही. पण मराठवाड्यात ध्रुव १८ ते २० अंशांवरच असतो. तिथली हवा माथ्याच्या तिप्पट जाड, कडी उकळताना दिसतात. उंचावरचा तारा घ्या आणि नळी हाताने सरकवत राहा. विषुववृत्तीय माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारी बैठक) घ्यायचं असेल तर अक्षांश १९ वर लावून काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा स्टँडच्या पायाला अडतो का, हे विकत घेण्याआधीच पाहा. एवढ्या कमी अक्षांशावर काही माउंट खरंच अडतात.

डीएसएलआरने मोजायचं तर रॉ फाइल, आयएसओ कमी, फोकस मुद्दाम जरा ढिला, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६३८३. ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल १२ हजारांच्या आत ठेवा. मोजणीला हिरवा चॅनेल वापरा. डार्क फ्रेम, म्हणजे लेन्स झाकून काढलेली छायाचित्रं, त्याच रात्री, तेवढ्याच एक्स्पोजरच्या घ्या. सेन्सरचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने साठणारा संकेत, साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरात १२ अंशांवर घेतलेले डार्क एप्रिलच्या ३० अंशांच्या रात्रीला लावले, तर तो करंट आठपट कमी धरला जातो.

पुढच्या वाटेसाठी भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी जेस्टसारखी प्रवेश परीक्षा, आणि पुण्यात आयुका किंवा एनसीआरए या खगोल संशोधन संस्था. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या यंत्रात लेसर, निर्वात नळ्या आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांचंही काम असतं. मुलाखतीला जाताना अल्गॉलचा आलेख सोबत न्या: सगळ्या रात्रींच्या नोंदी एकाच आवर्तनावर दुमडलेला (म्हणजे एकाच २ दिवस २० तास ४९ मिनिटांच्या चक्रावर एकत्र मांडलेला), चुकलेले बिंदू न खोडलेला. ते बिंदू का चुकले, धूर होता, तारीख बदलायची राहिली की तुलनेचा तारा चुकला, हे प्रत्येकापुढे लिहून ठेवा. विचारणारे बहुधा तिथूनच सुरुवात करतात.