नाटकाची तिकिटं ऑनलाइन विकलीत, आता पैशांचा हिशेब कसा लावायचा

गोव्यात तिकीट लावून नाटक करणं हेच मुळात धाडस, कारण आपल्याकडे जत्रेला, काल्याला देवळाच्या मांडवात नाटक फुकट बघायची सवय, त्यामुळे ज्याला त्याला पास पाहिजे. तरी फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर असो, मडगाव-साखळीचं रवींद्र भवन असो नाहीतर पणजीची कला अकादमी, हॉल घेऊन प्रयोग लावणारी मंडळं आहेत आणि तिकिटं आता लिंकवरून जातात. विकणं सोपं झालंय हो, गोंधळ नंतर होतो, कमिटीत कोणी विचारलं की एकूण जमले किती, तर तिघं तीन आकडे सांगतात. आणि गंमत म्हणजे तिघांचेही आकडे बरोबर असतात! एकाने विकलेल्या तिकिटांचा सांगितला, दुसऱ्याने पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीकडे, दिसतो तो, तिसऱ्याने बँकेत आलेला. सगळं काम काय, तर हे तीन आकडे एकमेकांशी जुळवायचे.

पहिली गोष्ट, पैसे मंडळाच्या नावच्या खात्यात घ्या. खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, माणूस कितीही सरळ असला तरी, कारण त्याच खात्यात त्याचा पगार येतो, त्यातूनच गॅसचे पैसे जातात, मग चार महिन्यांनी शोधत बसा. आणि व्हॉट्सअपवर आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं धरू नका, खोटे स्क्रीनशॉट बनवायला आता दोन मिनिटं लागतात. समोरच्याकडून यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो तो) मागा आणि तो खात्याच्या स्टेटमेंटात दिसला तरच सीट पक्की करा.

आता गेटवे. ४०० रुपयांचं तिकीट कार्डावर घेतलं आणि गेटवेची फी २ टक्के असेल तर ८ रुपये फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ४४ पैसे, हातात ३९० रुपये ५६ पैसे. अशी २५० तिकिटं गेली तर विक्री १ लाख पण बँकेत ९७,६४०. हे २,३६० कुठे हरवले नाहीत, पण वहीत खर्च म्हणून लिहिले नाहीत तर हरवल्यासारखेच. मंडळाचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल तर फीवरचा जीएसटी परत मिळत नाही, तो पण खर्चातच टाका. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापायची फी, शून्य आहे, तरी गेटवे प्लॅटफॉर्म फी म्हणून काही लावतो का ते करारात बघा, लोक हे वाचतच नाहीत.

शीट एकच करा, गूगल शीट चालते. एका ऑर्डरला एक ओळ: ऑर्डर आयडी, तारीख, नाव, किती तिकिटं, कुठल्या दराची, एकूण रक्कम, फी, फीवरचा जीएसटी, हातात येणारी रक्कम, सेटलमेंट आयडी (गेटवेने बँकेत टाकलेल्या रकमेचा नंबर), यूटीआर, रिफंड. यातला सेटलमेंट आयडी सगळ्यात महत्त्वाचा, कारण गेटवे प्रत्येक तिकिटाचे पैसे वेगळे पाठवत नाही, दिवसभराचे गोळा करून फी कापून एकच रक्कम टाकतो आणि स्टेटमेंटात तेवढी एक ओळ दिसते. कुठल्या ऑर्डरी त्या रकमेत आल्या हे फक्त सेटलमेंट रिपोर्ट सांगतो. तो डाउनलोड करा, पिव्हट टेबलने (शीटमधली गटवार बेरीज करायची सोय) सेटलमेंटवार बेरीज काढा आणि बँकेच्या ओळीशी लावा. जुळली की त्या ओळींना हिरवा रंग. जी ओळ पांढरी राहील तिच्यामागे लागायचं, बाकी सोडून द्या.

इथे एक बारीक लफडं आहे. डाउनलोड केलेल्या रिपोर्टची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की १२ आकडी यूटीआरचं ४.१२ई+११ असं काहीतरी होतं आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते उडतं, मग शोधलं तर काहीच जुळत नाही. फाइल उघडण्याऐवजी इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा. रिपोर्टात प्रत्येक पेमेंटचं स्टेटस पण नीट वाचा, ऑथराइज्ड म्हणजे बँकेने नुसती मंजुरी दिली, पैसे आले नव्हे, कॅप्चर्ड, म्हणजे पैसे खरंच घेतले, असं दिसलं तरच मोजायचं.

सेटलमेंट बहुतेक ठिकाणी दोन कामकाजाच्या दिवसांनी होते, म्हणजे शुक्रवारी रात्री विकलेल्या तिकिटांचे पैसे रविवारच्या प्रयोगाआधी येणार नाहीत, मधे सुट्टी पडली तर आणखी पुढे. साऊंडवाला आणि गाडीवाला प्रयोगाच्या रात्रीच पैसे मागतो, तेव्हा त्यांच्यापुरते हातात वेगळे ठेवा. मार्चच्या शेवटी प्रयोग असेल तर विक्री ३१ मार्चची आणि पैसे एप्रिलमधे, सीएला हे आधीच सांगून ठेवा.

ऑफलाइन विक्री विसरू नका. म्हापशाला एका दुकानात तिकिटांचं पुस्तक ठेवलं, वास्कोला एकाकडे दिलं, तर प्रत्येकाला दिलेल्या तिकिटांचे नंबर कुठून कुठपर्यंत ते त्याच शीटमधे लिहा आणि पैसे मिळेपर्यंत ते येणं म्हणून दाखवा. पासांची पण ओळ हवी, रक्कम शून्य टाकून. मग दारावर फाडलेल्या तिकिटांशी ताळा लागतो, नाहीतर हॉल भरलेला आणि गल्ला अर्धा, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

टॅक्सचं थोडक्यात: नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे, ही मर्यादा जानेवारी २०१८ मधे २५० वरून वाढवली. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के, पण मंडळाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशनचीच भानगड येत नाही. तिकीट प्लॅटफॉर्म टीडीएस (आगाऊ कापलेला इन्कम टॅक्स) कापत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे, रक्कम छोटी दिसते म्हणून फी समजून खर्चात टाकू नका, ती पॅनवर जमा होते आणि रिटर्न भरताना उपयोगी पडते.

शेवटचं रिफंड. प्रयोग रद्द झाला, पुढे ढकलला, तर प्रेक्षकाला पूर्ण ४०० द्यायचे पण गेटवेने कापलेली फी बहुतेक परत येत नाही, म्हणजे प्रत्येक रिफंडमागे ती फी आपल्या खिशातून. शीटमधे मूळ ओळ पुसू नका, खाली उणे रकमेची नवी ओळ टाका. आणि कार्डवाल्याने बँकेत तक्रार केली तर चार्जबॅक, म्हणजे बँकेने आपल्याकडून पैसे परत ओढून घेणं, प्रयोगानंतर कित्येक आठवड्यांनी सुद्धा येतो, तेव्हा कलाकारांचं मानधन चुकवा, पण उरलेल्यातली थोडी रक्कम दोन-तीन महिने खात्यातच राहू दे आणि कोणी कितीही घाई केली तरी पुढच्या नाटकाच्या सेटला ती काढू नका.