पहिला पगार आणि नव्या काळाची उचल: या चुका टाळा

खानदेशात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचा, हिशेब अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो. नवे साल ठरते त्याच दिवशी तो पुढच्या वर्षाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि मग बारा महिने राबूनही हाती फारसे उरत नाही. जळगावच्या एमआयडीसीत किंवा पुण्या-नाशिकला नोकरीला लागलेली तरुण मुले आज क्रेडिट कार्डाच्या रूपाने हीच उचल घेत आहेत. मात्र सालदाराला आपण उचल घेतली आहे याची जाणीव असते, ती या मुलांना बहुधा नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कार्डाच्या बिलातील केवळ ‘किमान देय रक्कम’ भरणे. समजा, थकबाकी 30,000 रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज 1,050 रुपये आणि त्यावरील 18 टक्के जीएसटीचे 189 रुपये, असे 1,239 रुपये होतात. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 1,500 रुपये भरली, तर मुद्दल जेमतेम 261 रुपयांनी कमी होते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. या फेऱ्यात अडकला असाल, तर आधी कार्ड वापरणे थांबवा. त्यानंतर बँकेकडून कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज किंवा घरच्यांच्या संमतीने सोनेतारण कर्ज घेऊन ती थकबाकी एकरकमी फेडा. घरी सांगण्याचा संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. परंतु लपवलेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज भरावेच लागते.

दुसरी चूक आपल्या भागात विशेष आढळते. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, एक-दोन टक्के जादा व्याजासाठी, सगळी बचत एकाच पतसंस्थेत ठेवली जाते. बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवींना हे संरक्षण नाही. संस्था अडचणीत आल्यावर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांकरिता वर्षानुवर्षे खेटे घालणारी कुटुंबे जळगाव जिल्ह्याने पाहिली आहेत. ठेव आधीच ठेवली असेल, तर मुदत संपताच आपोआप नूतनीकरण होऊ न देता ती टप्प्याटप्प्याने बँकेत हलवावी.

मित्राच्या कर्जाला जामीन राहणे ही केवळ सही नसते. करारात वेगळे नमूद नसेल, तर 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ते कर्ज थकले तर त्याची झळ तुमची कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या सिबिल स्कोअरलाही बसू शकते.

शेवटची चूक नोकरी बदलताना होते: मोबाइल घेण्यासाठी किंवा गावी घराचे काम काढण्यासाठी पीएफ काढून घेतला जातो. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते, आणि पेन्शनचा वाटाही काढला तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते. नव्या कंपनीत रुजू होताना जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) द्यावा, आणि मागील खात्यातील रक्कम नव्या खात्यात वर्ग झाली की नाही, हे दोन-तीन महिन्यांनी पासबुकात तपासावे.