क्रिएटिन घ्यायचं का? डबा फोडण्याआधी या चुका टाळा

जिम लावून महिना होत नाही तोच नागपुरात पहिला प्रश्न येतो, "कोणतं क्रिएटिन घेतो बे?" घ्यायचं की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. गडबड तिथूनच सुरू होते.

क्रिएटिन हे पावडरच्या रूपात मिळणारं सप्लिमेंट स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा, साठा वाढवतं. जड वजन उचलताना किंवा जोरात धावताना पहिले आठ-दहा सेकंद मुख्यतः हाच साठा कामी येतो. त्यामुळे सेटमध्ये एखाद-दुसरा रेप (वजन एकदा उचलणं) जास्त निघतो, आणि त्या जादा मेहनतीतून काही महिन्यांनी ताकद वाढते. आठवड्यातून दोन दिवस ट्रेडमिलवर चालणाऱ्याला या डब्यातून फारसं काही मिळणार नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. पुरुषांच्या मैदानी चाचणीत गोळाफेक आणि 100 मीटरला प्रत्येकी 15 गुण आहेत, तर 1600 मीटरला 20. पहिल्या दोन्हींत क्रिएटिनची मदत होऊ शकते. पण सुरुवातीला स्नायूंत पाणी साठून एक-दोन किलो वजन वाढतं, आणि ते वजन 1600 मीटरला सोबत धावतं. चाचणीच्या तोंडावर पहिल्यांदाच डबा उघडणं ही सरळ चूक. घ्यायचंच असेल तर दोन-तीन महिने आधी सुरू करा आणि घड्याळ लावून वेळ तपासा.

दुसरी चूक ताटातली. सकाळी तर्री पोहे, दुपारी वरण-भात आणि वरून क्रिएटिन! क्रिएटिन म्हणजे प्रोटीन नव्हे. नियमित वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 95 ग्रॅमच्या आसपास. 50 ग्रॅम कोरड्या सोया वडीत सुमारे 26 ग्रॅम असतं, एका अंड्यात 6. पैसे आधी यावर खर्च करा. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत मुळात क्रिएटिन कमी असतं, म्हणून त्याला फरक जास्त जाणवण्याची शक्यता असते, पण ताट भरल्यावरच.

मात्रा सोपी आहे: क्रिएटिन मोनोहायड्रेट (हाच नेहमीचा प्रकार), रोज 3 ते 5 ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीही. पाच-सात दिवस रोज 20 ग्रॅमचं लोडिंग केलं तर साठा लवकर भरतो. नाही केलं तरी तीन-चार आठवड्यांत तिथेच पोहोचतो. लोडिंगचे 20 ग्रॅम एकदम घेतले की पोट बिघडतं. चार भाग करून जेवणासोबत घ्या, किंवा लोडिंगच सोडा. डब्यातला चमचा प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा एकदा वजनकाट्यावर मोजून पाहा. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. सकाळी लिंबू सरबतात कालवून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, आंबट द्रावणात ते हळूहळू क्रिएटिनिन या निरुपयोगी पदार्थात बदलतं.

सगळ्यात मोठा घोळ रिपोर्टवरून होतो. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन जास्त आलं की घरात रडारड! क्रिएटिनिन हे क्रिएटिनपासूनच बनतं, त्यामुळे किडनी धडधाकट असूनही आकडा थोडा वर जाऊ शकतो. आदल्या रात्री सावजी मटण किंवा जड लेग डे (पायांचा व्यायाम) झाला असेल तरी तो वाढतो. म्हणून तपासणीआधी एक-दोन दिवस दोन्ही टाळा, डॉक्टरांना क्रिएटिनबद्दल स्पष्ट सांगा आणि गरज वाटली तर सिस्टॅटिन-सी या किडनीच्या दुसऱ्या रक्त तपासणीबद्दल विचारा. ती क्रिएटिनवर अवलंबून नसते. मात्र "पावडरमुळेच असेल" म्हणून वाढलेला आकडा स्वतःच झटकून टाकणंही तितकंच चुकीचं. किडनीचा आजार, एकच किडनी, मधुमेह किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. 18 वर्षांखालच्या मुलांनी आणि गरोदर बायांनी स्वतःच्या मनाने घेऊच नये.

क्रिएटिनने केस गळतात म्हणतात, त्याचं मूळ 2009 च्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात एक हार्मोन वाढल्याचं दिसलं, केस मात्र कुणी मोजलेच नव्हते.

डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) 14 अंकी परवाना क्रमांक बघा आणि त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर तपासा. त्यातून परवाना खरा आहे एवढंच कळतं, आतल्या पावडरीची हमी मिळत नाही. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या तर तो बहुधा ओलावा असतो. कोरडा चमचा वापरा आणि झाकण घट्ट लावा.

दोन महिने नियमित घेऊन, वजनांची वही ठेवूनही आकडे हलले नाहीत, तर बंद करा. काहींवर परिणाम कमीच होतो. मात्रा हळूहळू कमी करण्याची गरज नाही. चार ते सहा आठवड्यांत साठा पूर्ववत होतो आणि साठलेल्या पाण्याचं वजनही उतरतं.