आमसुलं, पाऊस आणि पोर्टेनर

गुहागरच्या घरी ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर उबंटू. कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या गरजेच्या सामानासकट ठेवलेले वेगळे डबे) सांभाळायला आधी एक डेस्कटॉप अ‍ॅप टाकलं होतं. ते स्वतःसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक, चालवायचं, लॅपटॉपचा जीव मेटाकुटीला! काढून टाकलं. कंटेनर चालवणारं साधं डॉकर इंजिन ठेवलं आणि वर पोर्टेनर चढवला, म्हणजे कंटेनर ब्राउझरमधून सांभाळायचं साधन. हा स्वतःच एक कंटेनर. ब्राउझरमध्ये ९४४३ पोर्टवर उघडतो.

उघडला आणि नेमका पाऊस आला. अंगणात वाळत घातलेली आमसुलं आत आणेस्तोवर पान बंद. सुरक्षेसाठी पहिला अ‍ॅडमिन ५ मिनिटांत बनवावा लागतो, हे तेव्हा कळलं. टर्मिनलमधून पोर्टेनरचा कंटेनर रीस्टार्ट केला, लगेच पासवर्ड दिला.

आता लॉग (कंटेनरच्या कामाच्या नोंदी) बघायला, अडकलेला कंटेनर थांबवायला माउस पुरतो. आई मात्र भिजलेल्या आमसुलांवरून अजून बोलतेय.