एका झाडावर वांगी-टोमॅटो: कलम बांधताना या चुका टाळा

मोबाइलवरच्या व्हिडिओत दीड मिनिटात कलम होतं. ब्लेडने कापलं, जोडलं, क्लिप लावली, की लगेच वर टोमॅटो आणि खाली बटाटे. मधले पंधरा दिवस कोणी दाखवत नाही, आणि लोक माझ्याकडे जी मेलेली रोपं घेऊन येतात, ती बहुतेक त्याच पंधरा दिवसांत गेलेली असतात.

हे खूळ खोटं मात्र नाही. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने वांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या भागावर, 'काशी संदेश' वांगं आणि 'काशी अमन' टोमॅटो बांधून २०२१ मध्ये ब्रिमॅटो, म्हणजे वांगी आणि टोमॅटो दोन्ही देणारं एकच झाड, पिकवून दाखवला. एका झाडाला दोन्ही मिळून पाच किलोच्या आसपास माल आला. पण त्यांची रोपं पहिला आठवडा तापमान, ओलावा आणि उजेड सांभाळलेल्या खोलीत होती, गच्चीवर नव्हती.

कलम उघडून बघणं. ही चूक माझ्या डोक्यात जाते. कापलेल्या शेंड्याला, म्हणजे खुंटावर बांधायच्या वरच्या तुकड्याला, मूळ नसतं, पानं मात्र पाणी सोडतच राहतात. खुंटाची आणि शेंड्याची नळी जुळायला आठवडा तरी जातो. तोवर आजूबाजूची हवा ओलीच हवी.

माझ्या भाच्याने फेब्रुवारी सरताना ट्रेभर कलमं बांधली. बांधणी सुरेख होती, काप सरळ, क्लिपा घट्ट. मग वरून पारदर्शक प्लास्टिक घातलं आणि ट्रे ठेवला पत्र्यावर, "ऊन लागावं म्हणून". दुपारी बघतो तर इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ. उरलेली रोपं सावलीत आणली, तर दर तासाला प्लास्टिक वर करून बघणं सुरू. मी म्हटलं, "अरे, राहू दे की झाकून." तर म्हणतो, "मामा, ते गुदमरायलेत आत." त्याने प्लास्टिकला भोकं पाडली आणि कोमेजलेल्या पानांवर पाणी मारलं. ते पाणी जोडात उतरलं, जोड काळा पडला. चार दिवसांत ट्रे रिकामा.

माझी पद्धत साधी आहे. झाकणाचा थर्माकोलचा खोका, तळाला ओलं फडकं, आणि घरातला सगळ्यात गार कोपरा. आत २५ ते २८ अंश राहिलं की झालं. खुंटाला पाणी कापायच्या आदल्या दिवशीच द्यायचं. पहिले दोन-तीन दिवस अंधार, मग मंद उजेड. सहाव्या दिवसापासून झाकण थोडं वर, तेही संध्याकाळी, कारण आपल्याकडे दुपारची हवा अगदी कोरडी असते. पान जरा मान टाकतं, टाकू द्या. ज्याला एवढाही धीर नाही, त्याने मेथी लावावी.

जोड मातीत पुरणं. रोप उंच झालं की लोक सवयीने खोल लावतात. टोमॅटोच्या खोडाला ओली माती लागली की तिथूनच मुळं सुटतात, आणि मग खालच्या खुंटाचा उपयोग काय? मातीतला मर रोग टाळायला वांग्याचा खुंट घेतलेला असतो, तो रोग या नव्या मुळांतून वर चढतो. बटाट्यावर टोमॅटो बांधणाऱ्यांना तर हे जास्त नडतं, कारण बटाट्याला भर लावावीच लागते. म्हणून कलम उंच बांधा, माती चढवल्यावरही जोड चांगला चार बोटं वर राहील असं. बटाटा स्वतःचे फुटवे काढतो, ते दिसतील तसे खुडायचे. आणि हा प्रयोग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच. बटाटे पोसायला गार रात्री लागतात. मार्चमध्ये लावून खाली गोट्या निघाल्या म्हणून बियाण्याला शिव्या देऊ नका.

जाडी न जुळणं. पेन्सिलीएवढा खुंट आणि काडीएवढा शेंडा बसत नाही. वांगं हळू वाढतं, म्हणून त्याचं बी काही दिवस आधी टाका.

तंबाखू मळलेले हात. साबणाने धुवा, ब्लेड स्पिरिटने पुसा. तंबाखूतला विषाणू टोमॅटोला लागतो.

बोअरचं पाणी फवाऱ्यात. क्षाराने पानं पांढरी होतात. पिण्याचं पाणी वापरा.

टोमॅटोवर मिरची. एकाच कुळातली असली तरी नीट जुळत नाहीत, नाद सोडा. टोमॅटोवर काकडी तर विचारूच नका.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला धोतरा फुकट उगवतो, पाण्याविना जगतो, आणि तो टोमॅटोच्याच कुळातला. म्हणून कोणीतरी हुशार माणूस खुंटाला तोच घेतो. कलम जुळतंही. पण धोतऱ्याचं विष मुळांत तयार होऊन वर चढतं आणि टोमॅटोच्या फळात उतरतं. शिजवून ते जात नाही. असं झाड कोणाच्या दारात दिसलं तर मी ते उपटायलाच लावतो, फळांनी लगडलेलं असलं तरी.